दुसरी किल्ली कोणाकडे?

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘सोबत’ आहे, असं संपादकांनी कळवलं आणि पत्राच्या शेवटी एक ओळ जोडली: खान्देशात एकट्या राहणाऱ्या माणसांच्या घरात हल्ली छोटी कुत्री दिसायला लागली आहेत, जरा जाऊन बघा. म्हणून मी जळगावला गेले, धुळ्याला गेले. तलावाकाठी, जिन्यात, दवाखान्याच्या बाकावर आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लोकांशी बोलले. बहुतेकांनी आपलं नाव छापू नका म्हणून बजावलं. एकटं राहतो हे गावाला सांगायला आपल्याकडे अजून संकोच वाटतो. कुत्र्याचं नाव सांगताना मात्र कोणीही आढेवेढे घेतले नाहीत.

टफीच्या मावशी

जळगावात सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा मोठा ओढा मेहरूण तलावाकडे असतो. उजाडायच्या सुमारास तिथे कॅनव्हासचे बूट, कानटोप्या, हास्यक्लबवाले, काखेत योगाची चटई घेतलेल्या बायका असं सगळं जग हजर असतं. त्यात लाल पट्ट्याचं एक पांढरंशुभ्र, झुपकेदार शेपटीचं कुत्रं आणि त्याच्यामागे चालणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. वय सत्तरीकडे झुकलेलं, लग्न केलं नाही, उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांत गेला. कुत्र्याचं नाव टफी. तलावावर बाईंना नावानं कोणी ओळखत नाही. त्या ‘टफीच्या मावशी’.

“आई होती तोवर दूधवाला, भाजीवाली, शेजारपाजार सगळे तिच्याशी बोलायचे,” बाई सांगत होत्या. “ती गेली आणि लक्षात आलं, घरात येणारी सगळी माणसं आईची होती. माझं कोणीच नव्हतं. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. टीव्ही लावून ठेवायचे, ऐकत नव्हते तरी.”

त्यांच्यासोबत तलावाला एक फेरी मारली. ती पूर्ण व्हायला जेवढा वेळ लागायला हवा त्याच्या दुप्पट लागला, कारण टफी दर थोड्या अंतरावर थांबतो आणि टफी थांबला की माणसं थांबतात. चहावाल्यानं विचारलं, “काल आला नाही का हा?” सायकलवरच्या मुलीनं ब्रेक दाबला, “आजी, चावतो का?” बाई म्हणाल्या, “चावत नाही. पण आधी विचारलंस ते शहाणपणाचं केलंस. हात खालून पुढे कर, त्याला हुंगू दे.” मुलीनं तसं केलं. शिक्षिकेला विद्यार्थिनी मिळाली, मुलीला दोन मिनिटांचा धडा.

कुत्र्यामुळे ओळखी कशा होतात ते इथे नीट दिसतं. आपल्या गावांत एकट्या बाईला हटकून विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात: घरी कोण कोण असतं, मुलं कुठे असतात, लग्न का नाही केलं. त्या प्रश्नांच्या धास्तीनं एकटी माणसं बोलणंच टाळतात. कुत्रं सोबत असलं की प्रश्न त्याच्याकडे वळतात. किती वर्षांचा, काय खातो, केस गळतात का. उत्तर द्यायला सोपं, दुखरं काहीच नाही. अशा बिनदुखऱ्या बोलण्याचे चार दिवस झाले की पाचव्या दिवशी कोणी आपणहून म्हणतं, “मावशी, गुडघ्याचं दाखवलं का?” ओळख अशी होते.

एकटी घरं कशी झाली

जळगाव आणि धुळे ही एकट्यांची शहरं म्हणून कोणी ओळखत नाही. केळी, कापूस, सोनं, डाळमिल, दूध. भरल्या घरांचा, पंगतींचा, कानबाईच्या रोटांचा हा मुलूख. सख्खे-चुलत एकाच गल्लीत राहणारे. पण मुंबईहून येणारा लोहमार्ग जळगाव-भुसावळवरून पुढे जातो आणि सुरतेचा फाटाही जळगावातच येऊन मिळतो. शिकलेली मुलं त्याच रुळांवरून गेली. पुणे, मुंबई, सुरत, त्यापुढे परदेश. महाबळ, रामानंदनगर, गणेश कॉलनी किंवा धुळ्याच्या देवपुरातल्या बंगल्यांच्या ओळीत संध्याकाळी हिंडलं की कळतं, चार खोल्यांच्या घरात दिवा एकाच खोलीत लागलेला असतो.

एकटी माणसं फक्त म्हातारीच नाहीत. बदलीवर आलेल्या परिचारिका आहेत, बँकेतली पोरं आहेत, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायका आहेत, चाळिशी उलटली तरी लग्न न जमलेले शेतकऱ्यांचे मुलगे आहेत. २०११च्या जनगणनेत देशात विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि अविवाहित अशा एकट्या स्त्रियांची संख्या सात कोटींच्या वर गेली होती. त्याच जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागे ८४२ मुली निघाल्या. तेव्हाची ती मुलं आता लग्नाच्या वयाच्या उंबरठ्याशी आली आहेत. त्यांतल्या कितीतरी मुलग्यांना जोडीदारीण मिळणार नाही हे गणित जन्मापाशीच बिघडवून ठेवलेलं आहे.

एकटेपणा आता जगभर आरोग्याचा विषय म्हणून मोजला जातो. ब्रिटनने २०१८मध्ये त्यासाठी मंत्री नेमला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५च्या अहवालात म्हटलं की जगातला दर सहावा माणूस एकटेपणानं ग्रासलेला आहे. खान्देशात यावर बोलायला दवाखाना नाही, रिवाज नाही. मग माणसं आपापली वाट काढतात. कोणी भजनी मंडळात जातं, कोणी मोबाइलमध्ये, आणि कोणी एक दिवस टोपलीत पिल्लू घेऊन घरी येतं.

छोटंच का?

खान्देशातल्या खेड्यात कुत्रं नवीन नाही. खळ्यावर, मळ्यात, गोठ्याच्या दाराशी ते कायमच आहे. खंडोबाच्या पायाशी कुत्रं आहे, दत्तगुरूंभोवती चार आहेत, धर्मराजानं तर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. मान होता, पण तो उंबऱ्याबाहेर. कुत्रं घरात, तेही पलंगापर्यंत येणं ही गेल्या तीस-चाळीस वर्षांतली गोष्ट.

ते आलं ‘पामेरियन’च्या रूपानं. आपण ज्याला पामेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. इंग्रजांच्या काळात इथेच घडलेली, आपल्या हवेला बरीच रुळलेली जात. लहान चणीचा स्पिट्झ पाच ते सात किलोंचा भरतो. बाहेरून कुत्री आणणं अवघड होतं त्या दिवसांत मध्यमवर्गीय घरात तोच शिरला, आणि १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीनं त्याला घराघरात नेलं. पुढे २००३मध्ये ‘हच’ कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलामागे चालणारा पग आला आणि लोकांना चपट्या नाकाचं वेड लागलं. आता शित्झू, ल्हासा, टॉय पॉम अशी नावं जळगावच्या दवाखान्यांच्या वहीत सर्रास दिसतात.

एकट्या माणसाची कारणं मात्र फॅशनची नाहीत, हिशोबाची आहेत. हवं तिकडे ओढत नेणारा लॅब्रेडॉर पासष्टीतल्या बाईच्या मनगटाला झेपत नाही. सहा किलोंचं कुत्रं काखेत घेऊन जिना उतरता येतो, रिक्षात बसता येतं, मोरीत एकटीला अंघोळ घालता येते. खायला कमी लागतं, औषधाचा डोस वजनावर ठरत असल्यानं तोही स्वस्त पडतो. आणि छोटी कुत्री जास्त जगतात. मोठ्या जाती आठ-दहा वर्षांत थकतात, छोट्या बारा ते पंधरा वर्षं सहज काढतात. हा शेवटचा मुद्दा फायद्याचा म्हणून सांगितला जातो. तो तितकाच धोक्याचाही आहे, त्याकडे पुढे येऊ.

नानांच्या दोन भाकरी

धुळ्यात पांझरेच्या पलीकडे, देवपुरात, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक नाना राहतात. बायको गेली, मुलगी सुरतेला. राजा नावाचं तपकिरी, आखूड पायांचं कुत्रं त्यांच्याकडे आलं ते एका ओळखीच्या घरातून. डॅशहाउंडचा संकर असावा.

बायको गेल्यावर नानांनी खानावळीचा डबा लावला होता. “डबा यायचा, तसाच पडून राहायचा. एकट्यासाठी ताट वाढून घ्यायला मन होत नाही.” आता ते स्वतः चूल, म्हणजे गॅस, पेटवतात. मी गेले तेव्हा संध्याकाळचे सात वाजत होते. नानांनी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, दोन उंडे केले. एकात मीठ, एकात नाही. मिठाची भाकरी थापून तव्यावर गेली, पाणी फिरवलं, उलटली, जाळावर फुगली. मग बिनमिठाची, तळहाताएवढी. ती पाटावर निवायला ठेवली. राजा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या बरोब्बर अलीकडे पुढचे दोन पाय जोडून बसला होता. उंबरा ओलांडायचा नाही ही शिस्त. नाक मात्र पार पाटाच्या दिशेला ताणलेलं. भाकरी निवली का ते नानांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं, कुस्करली, त्यात उकडलेलं अंडं आणि थोडा दुधी घातला. वाटी खाली ठेवली, आणि त्यानंतरच स्वतःचं ताट घेतलं.

“त्याला वेळेवर लागतं. मग आपलंही वेळेवर होतं,” नाना म्हणाले, आणि कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून अहिराणीत पुटपुटले, “आते घरमा हाऊच शे मना.” आता घरात हाच आहे माझा.

एकटेपणात माणसाचा दिवस विस्कटतो. उठायला कारण नाही, जेवायला वेळ नाही, दार उघडायला निमित्त नाही. कुत्रं या दिवसाला खुंट्या ठोकतं: पहाटे बाहेर, सकाळी खाणं, दुपारी पाणी, संध्याकाळी फेरी, रात्री पुन्हा खाणं. त्या खुंट्यांवर माणूस आपलीही औषधं, आपलंही जेवण अडकवून ठेवतो. रक्तदाबाची गोळी विसरणारे नाना आता ती राजाच्या वाटीशेजारी ठेवतात.

घरचं खाणं चालतं, पण सगळं नाही, हे इथल्या डॉक्टरांना रोज सांगावं लागतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट ही कुत्र्यांना विषासारखी. वरण-बट्टीच्या पंगतीनंतर तुपात निथळणारी बट्टी प्रेमानं भरवली की दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू. जास्त चरबीनं स्वादुपिंडाला सूज येते आणि छोट्या जीवाला ती झेपत नाही. शेवभाजीच्या तर्रीबद्दल तर बोलायलाच नको. एकट्या माणसाची एक खोडच असते: जेवताना समोर कोणी असलं की घासातला घास द्यायचा. छोट्या कुत्र्याला त्यानं वजन चढतं, आणि आखूड पायांच्या कुत्र्याच्या पाठीचा कणा त्या वजनाखाली पहिल्यांदा दुखावतो.

अभ्यास काय सांगतात

कुत्र्यानं खरंच आयुष्य वाढतं का? याचं सर्वांत मोठं उत्तर स्वीडनमधून आलं. तिथे २००१पासून प्रत्येक कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे. उप्सला विद्यापीठातल्या संशोधकांनी चाळीस ते ऐंशी वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांच्या आरोग्याच्या नोंदी बारा वर्षं तपासल्या आणि २०१७मध्ये निष्कर्ष मांडले. एकट्या राहणाऱ्यांत, कुत्रं पाळणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. कुटुंबात राहणाऱ्यांतही फरक होता, पण बराच कमी. म्हणजे लाभ सर्वाधिक झाला तो एकट्यांना.

त्याआधी, १९८० साली, अमेरिकेत एरिका फ्रीडमन यांनी हृदयविकारातून बरे होऊन घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला होता. घरात पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी तिघे दगावले. नसलेल्या ३९ जणांपैकी अकरा. आणि २०१५मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, आई आणि तान्ह्या बाळात वाढतं तेच संप्रेरक.

हे वाचून लगेच कुत्रं घ्यायला धावण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. स्वीडनचा अभ्यास निरीक्षणाचा आहे. मुळात धडधाकट, चालती-फिरती माणसंच कुत्रं घेत असतील, हेही शक्य आहे. दुसरं, सर्वाधिक लाभ दिसला तो मूळच्या शिकारी जातींच्या मालकांत, ज्यांना रोज लांबवर फिरवावंच लागतं. छोट्या कुत्र्यानं तेवढं आपोआप होत नाही. कुत्रं मांडीवर घेऊन दिवसभर खुर्चीत बसलं तर संप्रेरक वाढेल कदाचित, पाय मात्र हलणार नाहीत. टफीच्या मावशींना फायदा झाला, कारण टफी त्यांना तलावावर नेतो.

पंचेचाळीस अंशांत

जळगाव-भुसावळचा मे महिना सांगून कळत नाही. पारा पंचेचाळिसाला टेकतो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. माणूस घामानं अंग थंड करतो. कुत्र्याला ती सोय जवळपास नाही; पंजांच्या गाद्यांतून जरासा घाम, बाकी सगळी भिस्त धापेवर. जीभ बाहेर काढून भराभर श्वास घेतला की तोंडातली ओल उडते आणि शरीर थंड होतं. ज्यांचं नाकच चपटं आहे, त्या पग आणि शित्झूंची श्वासाची वाट आखूड, अरुंद. धाप लागते, पण गारवा पोचत नाही. अशा कुत्र्यांच्या पैदाशीवर नेदरलँड्सने कडक बंधनं घातली आहेत, ती थंड देशात असूनही. आपण तीच कुत्री खान्देशच्या उन्हात आणतो.

जळगावातल्या एका पशुवैद्यकांनी मला उन्हाळ्याचे नियम बोटांवर मोजून सांगितले. फेरी सूर्य उगवायच्या आत आणि रात्री आठनंतर. डांबरी रस्त्याला हाताची मागची बाजू लावून बघायची. पाच सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचा पायही ठेवायचा नाही. कूलर त्याच्या उंचीला लागेल असा, आणि खिडकी उघडी, नाहीतर खोलीत दमटपणा साठतो आणि धाप निष्फळ ठरते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. ते १०४च्या वर गेलं, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटले, की उष्माघात. साध्या पाण्यानं पोट, काखा, पंजे भिजवायचे, पंखा लावायचा आणि दवाखाना गाठायचा. “पण बर्फाच्या पाण्यात बुडवू नका,” डॉक्टर म्हणाले. “आणि वीज गेल्यावर काय करणार, ते आधीच ठरवा. एकटा माणूस कामावर असतो, कुत्रं बंद घरात, आणि दुपारी दोनला लाइट जाते. त्या वेळी दार उघडायला कोण आहे?”

हा प्रश्न मला पुढे वारंवार भेटला.

दवाखान्याचीही गोष्ट सांगायला हवी. इथल्या लोकांच्या तोंडी अजून ‘गुरांचा दवाखाना’ हाच शब्द आहे, आणि तो खराही आहे. सरकारी व्यवस्था गाय, म्हैस, शेळी डोळ्यांपुढे ठेवून उभी राहिली. खासगी दवाखान्यांत आता छोट्या कुत्र्यांची वर्दळ वाढली आहे. तिथल्या बाकावर बसलं की दिसतं, निम्मे आजार टाळता येण्यासारखे: गोचिडांमुळे येणारा ताप, आणि लस चुकलेल्या पिल्लांना होणारा पार्व्हो. पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे सुया, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि मग दर वर्षी, हे चुकवून चालत नाही. घरातलं लाडकं, छोटं कुत्रं चावलं तरी चावा तो चावाच. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं. ‘आपलाच आहे, काय होतंय’ म्हणून एकटं राहणारं माणूस ते अंगावर काढतं, कारण घरात दटावणारं कोणी नसतं.

पिल्लू कुठून येतं

पिल्लांचा बाजार आता मोबाइलवर भरतो. फोटो येतो, भाव ठरतो, आणि पिल्लू ट्रॅव्हल्सच्या गाडीतून खोक्यात येऊन पोचतं. २०१७मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम केले: पैदास करणाऱ्यानं राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू विकायचं नाही. गिऱ्हाइकाला मात्र पिल्लू जितकं चिमुकलं तितकं गोड वाटतं. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू चावावं किती, भ्यावं किती हे शिकलेलंच नसतं. आईचं घर बघू दिल्याशिवाय, नोंदणीचा कागद दाखवल्याशिवाय पिल्लू घेऊ नये, इतकं तरी प्रत्येकानं पाळावं.

आणि एकट्या माणसानं पिल्लूच घ्यावं असंही नाही. पिल्लाला दिवसातून चार-पाच वेळा खायला, रात्री दोनदा बाहेर न्यायला लागतं. चार-पाच वर्षांचं, सवयी लागलेलं कुत्रं एकट्या घराला जास्त सोयीचं. अशी कुत्री मिळतात: बदली झाली, घरात बाळ आलं, मालक वारले, आणि कालचा लाडका आज कोणाला नको झाला. रस्त्यावरची लहान चणीची गावठी कुत्रीही आहेत, इथल्या उन्हाला सरावलेली, चिवट, कमी खर्चाची. धुळ्यात एका परिचारिकेनं क्वार्टरच्या जिन्याखाली जन्मलेली अशीच एक कुत्री घेतली आहे, निर्बीजीकरण करून, लस टोचून. ती दहा किलोंच्या आतच राहिली आहे आणि मे महिन्यात पगसारखी तडफडत नाही.

सगळ्यांना हे जमतं असंही नाही. धुळ्यातलाच एक औषध कंपनीचा प्रतिनिधी, तिशीतला, अविवाहित. त्यानं एकटेपणाला कंटाळून टॉय पॉम घेतला. आठवड्यातले चार दिवस शिरपूर, साक्री, नंदुरबारचा दौरा. कुत्रं बंद खोलीत भुंकायचं, दाराची चौकट कुरतडायचं. आधी शेजारी कुरकुरले, मग घरमालक. शेवटी त्यानं ते बहिणीच्या घरी सोडलं. “मला सोबत हवी होती,” तो म्हणाला, “त्याला कोणाची सोबत, हे मी बघितलंच नाही.” या लेखासाठी मला कोणी काही सांगितलं असेल, त्यातलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य.

घरमालकांचा प्रश्न खरा आहे. सोसायटीला सरसकट ठराव करून पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळानं २०१५मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे. त्यातच मालकांनाही सांगितलं आहे: भुंकण्याचा त्रास होऊ देऊ नका, घाण स्वतः उचला. भाड्याच्या घरात मात्र कागदापेक्षा संबंध कामाला येतात. कागदाचा कपटा आणि प्लास्टिकची पिशवी खिशात ठेवणारे भाडेकरू टिकतात.

आणि हा अंक हातात पडेल तेव्हा फटाके चालू असतील. कुत्र्याला आपल्या दुप्पट उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा आणि टीव्ही सुरू ठेवून त्याच्याजवळ बसायचं. फेरी अंधार पडायच्या आत. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहायचा, कारण दरवर्षी याच चार दिवसांत कुत्री सैरावैरा पळतात आणि हरवतात.

दुसरी किल्ली

छोटं कुत्रं बारा ते पंधरा वर्षं जगतं. पासष्टीत आणलेलं कुत्रं आपण ऐंशीचे होईपर्यंत असणार. मधल्या काळात मोतीबिंदू होईल, कमरेचं हाड मोडेल, नातवाचं बारसं पुण्यात असेल. रेल्वेत कुत्रं न्यायचं तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातला पूर्ण कूपे घ्या, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. खासगी बसवाले बहुधा नाहीच म्हणतात. कुत्रं असल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलणारी, मुलांकडे जाणं सोडलेली माणसं मला दोन्ही शहरांत भेटली. सोबतीसाठी आणलेल्या जिवानं त्यांना आणखी एकटं पाडलं होतं. दोष कुत्र्याचा नव्हता. त्याच्या आणि त्यांच्यामध्ये तिसरं माणूस कोणी नव्हतं.

रतन टाटांनी लग्न केलं नाही. मुंबईतल्या बॉम्बे हाउसमध्ये भटक्या कुत्र्यांना हक्काची जागा करून दिलेला हा माणूस ९ ऑक्टोबर २०२४ रोजी गेला, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात टिटो या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद होती आणि ती जबाबदारी वर्षानुवर्षं घरात असलेल्या स्वयंपाक्यावर सोपवलेली होती. आपल्या कायद्यात कुत्र्याच्या नावावर पैसा ठेवता येत नाही. सांभाळणाऱ्या माणसाचं नाव घालावं लागतं. टाटांकडे पैसा होता, पण त्यांनाही शेवटी शोधावं लागलं ते एक माणूसच.

देवपुरातल्या एका इमारतीत हे काम दोन बायकांनी फार साध्या रीतीनं केलं आहे. एक विधवा, निवृत्त लिपिक. दुसरी घटस्फोटित, शिवणकाम करते. एकीकडे ल्हासा, दुसरीकडे गावठी कुत्री. आधी जिन्यात नमस्कारापुरती ओळख. एकीला डेंग्यू होऊन भरती व्हावं लागलं, तेव्हा रिक्षात बसताना तिनं दुसरीच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाली, “ताई, तेवढं त्याला बघा.” ती किल्ली परत घेतलीच गेली नाही. आता दोघींकडे एकमेकींच्या किल्ल्या आहेत. खाण्याची वेळ, औषध, डॉक्टरांचा नंबर असं सगळं लिहिलेला कागद दोन्ही फ्रिजवर चिकटवलेला आहे. एकीचं कुत्रं सकाळी सातपर्यंत खाली दिसलं नाही, तर दुसरी वर जाऊन दार वाजवते. कुत्र्यासाठी केलेली सोय एकट्या बाईचीही राखण करते आहे. न्हाणीघरात पाय घसरून पडलेलं माणूस दोन-दोन दिवस कोणाला कळत नाही, अशा बातम्या आपण वाचतो. या इमारतीत तासाभरात कळेल.

म्हणून कुत्रं घ्यावं का, असं एखाद्या एकट्या माणसानं विचारलं तर मी हो म्हणेन, एका अटीवर. जात, रंग, किंमत नंतर ठरवा. आधी दुसरी किल्ली कोणाकडे ठेवणार, त्याचं नाव सांगा. असं नाव सुचत नसेल, तर ते शोधण्यापासून सुरुवात करा. शेजारच्या घरी चहाला जा, तलावावर दुसऱ्याचं कुत्रं आठवडाभर फिरवून आणा, कोणाच्या गावी जाण्याच्या दिवसांत त्याचं कुत्रं सांभाळा. यात कुत्रं घरी येण्याआधीच अर्धी सोबत मिळून जाईल.

आणि हे काम एकट्या माणसावर टाकून आपण मोकळे होऊ नये. जळगाव-धुळ्यात ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत, कॉलन्यांची मंडळं आहेत, गणपतीच्या वर्गणीची वही दारोदार फिरते. त्याच वहीच्या मागच्या पानावर एवढं लिहून ठेवता येईल: या घरी एकटं माणूस राहतं, त्याच्याकडे कुत्रं आहे, दुसरी किल्ली अमक्याकडे. पेन्शनीच्या, लसीच्या, रेशनच्या याद्या आपण करतोच. ही यादी करायला एक संध्याकाळ पुरेल, आणि या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन फिरताना ती करता येईल.